अचलपुरात पाहायला काय आहे म्हणता?

आज दुपारपासून डोकं ठिकाणावर नाही, म्हणून लिहितोय. लांबलचक होईल, पण वाचा.

अचलपूरच्या बंद स्टेशनाबाहेर एक गाडी थांबली. मुलगा, सून आत बसलेले, इंजिन चालू. मागच्या दारातून आबाजी उतरले, सहा-सात वर्षांच्या नातवाचा हात धरून. नातवाला शकुंतला, म्हणजे इथली जुनी छोटी रेल्वे, दाखवायची होती. पोरानं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. "आबाजी, रेल कुठी हाय?" आबाजी म्हणाले, "इथूनच जाये बाप्पा. आपला कापूस घिऊन जाये." पोराचा पुढचा प्रश्न: "कायले?"

बस, तेवढ्यात हॉर्न वाजला. "चाला ना बाबा, मंग वर गाडी लावाले जागा नाई भेटत!" वर म्हणजे चिखलदरा.

मुलाला दोष देत नाही. रविवारी परतवाड्यातून चिखलदऱ्याकडे जाणाऱ्या गाड्या मोजा आणि त्यातल्या किती अचलपुरात थांबतात ते सांगा. थांबतील कशाला? आपणच पाहुण्यांना सांगतो, "इथं काय आहे? वर जा." इमादशाहीच्या काळात वऱ्हाडची राजधानी असलेलं गाव, परकोट, वेशी, तळ्याच्या मधोमध उभा असलेला अष्टकोनी हौज कटोरा. आणि आपलं उत्तर काय, तर "काही नाही."

बरं, जुने दगड बाजूला ठेवू. ते पोर किल्ल्याबद्दल विचारत नव्हतं. ते विचारत होतं, कापूस गाडीतून कशाला जायचा? या प्रश्नाचं उत्तर या गावाएवढं चांगलं कोण देऊ शकतं? शकुंतलेचा रूळ अडीच फूट रुंदीचा. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर मिळून साधारण १९० किलोमीटर. ही लाइन लोकांना फिरवायला टाकलेलीच नव्हती. वऱ्हाडचा कापूस मूर्तिजापूरला मोठ्या गाडीवर चढवायचा, तिथून मुंबई, मुंबईहून जहाजानं विलायत, यासाठी टाकलेली. तिचं वाफेचं इंजिन १९२१ साली मँचेस्टरला बनलं. ज्या मुलखात आपला कापूस जायचा तिथूनच ते आलं, आणि १९२३ पासून १५ एप्रिल १९९४ पर्यंत याच रुळांवर चाललं. नंतर डिझेल आलं. आता तेही नाही. गावातली कापडगिरणी, फिनले मिल, तीही २०२० च्या टाळेबंदीत थांबली. म्हणजे कापूस पिकवणारं गाव राहिलं, पण त्याचं पुढं काय होतं हे दाखवणारी एकही जागा उरली नाही.

आबाजींच्या हातात एक बोंड होतं, रस्त्यालगतच्या वावरातून तोडलेलं. ते त्यांनी पोराच्या हातात दिलं आणि म्हणाले, "सरकी काढून दाखव." पोर पायरीवर बसलं. एका बोंडात चार-पाच पाकळ्या, एकेका पाकळीत सहा-सात-आठ सरक्या. पोर ओढतंय, रुई तुटतेय, सरकी सुटत नाही. नखानं झगडून दोन निघाल्या असतील. मला वाटलं, हाच तो क्षण. आता या पोराला जिन, म्हणजे सरकी काढायचं यंत्र, दाखवली, तर ते जन्मभर विसरणार नाही.

डबल रोलर जिनमध्ये (जुनी माणसं रेचा म्हणतात) कळायला अवघड असं काहीच नाही. चामड्याच्या चकत्या दाबून बसवलेले दोन रोलर एकमेकांच्या उलट दिशेनं फिरतात. रोलरचा पृष्ठभाग खरबरीत, त्याला धागा चिकटतो आणि आत ओढला जातो. प्रत्येक रोलरला टेकून एक स्थिर पातं असतं. धागा त्याच्याखालून जातो, सरकी अडते. मधलं हलतं पातं वरखाली होत त्या अडलेल्या सरकीला टपल्या मारतं, ती सुटून जाळीतून खाली पडते. बोटांनी जे जमलं नाही तेच, फक्त ओढणारा एक आणि टपली मारणारा दुसरा. सहा वर्षांच्या पोरालाही हे दोन मिनिटांत कळतं. मग आकडे सांगा. एक क्विंटल कापसातून साधारण ३४ किलो रुई, ६४ किलोच्या आसपास सरकी, बाकी कचरा. दाबून बांधलेली रुईची गाठ १७० किलोची. म्हणजे एका गाठीला पाच क्विंटल कापूस. "आबाजीच्या किती वावरात एक गाठ होते?" हा हिशोब पोरांना घालून पाहा, शाळेतल्या गणितापेक्षा जास्त रमतील.

काय बिघडतं तेही दाखवा, खरी गंमत तिथंच आहे. ओला कापूस टाकला तर गोळे होतात, रोलरवर धरत नाही. फार वाळलेला टाकला तर धागा तुटतो. पात्यांमधलं अंतर चुकलं तर सरकी कापली जाते आणि तिचे तुकडे रुईत मिसळतात, भाव पडतो. वेचताना प्लास्टिकच्या पोत्याचा धागा पडला तर तो थेट सुतापर्यंत जातो, म्हणून वेचणीला सुती कापड वापरा म्हणतात. हे पाहिलेलं पोर उद्या वावरात मायच्या सोबत उभं राहिलं तर पोतं कोणतं घ्यायचं हे स्वतः सांगेल.

पण चालू जिनिंगमध्ये पोरं सोडणं धोक्याचं आहे, हे आधीच सांगतो. कापसाच्या गंजीवर चढू देऊ नका. मऊ दिसते, पण ढासळली की माणूस आत जातो. ओढणी, लांब केस, मफलर बांधून घ्या, पट्ट्याजवळ काही लोंबता कामा नये. तोंडाला रुमाल लावा, रुईची धूळ छातीत बसते. काडीपेटी, बिडी फाटकाबाहेर ठेवा. कापसातून एक खडा किंवा खिळा आत गेला तरी ठिणगी पडते. म्हणूनच म्हणतो, दाखवायला वेगळी जागा हवी. एकच लहान जिन, जाळीच्या मागं, मोटर स्वतंत्र, बंद करायचं बटण दाखवणाऱ्याच्या हाताशी. रोज दोन-तीन पोती कापूस पुरतो, आणि निघालेली रुई-सरकी विकली जाते, वाया जात नाही. नागपूरला सिरकॉटचं (कापूस तंत्रज्ञानावर काम करणारी सरकारी संशोधन संस्था) जिनिंग प्रशिक्षण केंद्र आहे, शिकवणारी माणसं शोधायला परदेशात जावं लागत नाही.

आणि इथं मला राग येतो. गावासाठी काही करायचं म्हटलं की प्रत्येक बैठकीत तेच: बगीचा करा, कारंजं करा, सिमेंटचं हरीण, गावाच्या नावाची चमकणारी अक्षरं. अरे, हे प्रत्येक तालुक्यात आहे! ते पाहायला अमरावतीहून कोण येणार? नागपुरात १८७७ साली एम्प्रेस मिल सुरू झाली. आज त्या जागेवर मॉल आहे. मॉलमध्ये फिरणाऱ्या पोराला कोण सांगतं की इथं सूत निघायचं? दुसरीकडं वर्ध्याला मगन संग्रहालय १९३८ पासून आहे, तिथं चरखा हातात घेता येतो. नागपूरच्या मोतीबागेत नॅरोगेजचं, म्हणजे अरुंद रुळांच्या रेल्वेचं, संग्रहालय आहे. म्हणजे विदर्भात हे होतं. आपल्याकडंच होत नाही.

शकुंतलेच्या जागी ब्रॉडगेज, म्हणजे रुंद रुळांची मोठी रेल्वे हवी, हे मान्य. रुग्ण, विद्यार्थी, संत्रा, सगळ्यांना ती हवी, जुनी गाडी तशीच चालवा असा माझा हट्ट नाही. चिखलदरा सुंदर आहे, हेही मान्य. १,११८ मीटर उंचीवर थंड वारा आहे, तो इथं नाही. पण स्टेशनालगतचा किलोमीटरभर रूळ तरी ठेवा ना. त्यावर हातानं ढकलायची ट्रॉली, कडेला कापसाची वखार. स्लीपर तपासायचे, झुडपं काढायची, रूळ जोडणाऱ्या पट्ट्यांचे (फिशप्लेट) सुटलेले बोल्ट बसवायचे, एवढंच सुरुवातीचं काम. उशीर झाला की आधी लोखंड चोरीला जातं, मग जागा.

हंगामही आपल्या बाजूचा आहे. डिसेंबर-जानेवारीत कापूस बाजारात असतो आणि तेव्हाच बहिरमची यात्रा भरते. रोडगे आणि हंडीचं मटण खायला लोक कुठून कुठून येतात. सकाळी दहिवर उतरल्यावर, दहाच्या सुमारास कापूस पाहायचा, मग हौज कटोरा, दुपारी बहिरम. लहान मुलं आणि म्हातारी माणसं एकाच दिवसात दमतील एवढं धावायचं नाही. मुक्तागिरीचं डोंगरावरचं जैन तीर्थ वेगळ्या दिवशी ठेवा, तिथल्या पायऱ्या आबाजींच्या गुडघ्यांना एका दिवसात जमायच्या नाहीत.

ते पोर शेवटी रडकुंडीला आलं होतं. बापानं उचलून गाडीत बसवलं, तरी मुठीत ते बोंड होतंच.

आबाजी, तुम्ही कोण, कुठले मला माहीत नाही. कुणाच्या ओळखीचे असाल तर ही पोस्ट तुमच्यापर्यंत पोचो. घरी एक गुळगुळीत पाट घ्या, करंगळीएवढी जाड, वीतभर लांब लोखंडी सळई घ्या. कापूस तासभर उन्हात वाळवा. एकच पाकळी पाटावर पसरा, सळई धाग्याच्या कडेवर ठेवा आणि दोन्ही तळव्यांनी दाबून पुढं लाटा. धागा सळईखालून मागं राहतो, सरकी पुढं टुणकन निसटते. फार कापूस घेतला तर सळई घसरते, म्हणून एका वेळी एकच पाकळी. पहिली चार-पाच नीट निघणार नाहीत. सळई पोराच्या हातात द्या, तुमचे हात वरून ठेवा.