‘प्रयोगशाळेचं तोंडही पाहिलेलं नसावं’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

मसुरातल्या अँटिऑक्सिडंट्सवरच्या माझ्या लेखाखाली परवा रात्री ‘सजग वाचक’ या नावाने तुमची प्रतिक्रिया आली. उत्तराला दोन दिवस लावले ते मुद्दाम. त्याच रात्री बसले असते तर भाषा वेगळी झाली असती.

ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: तुमचे आक्षेप चार. मी अख्ख्या मसुराचे गुण सांगताना सरसकट ‘मसूर डाळ’ लिहिलं. भिजवून, शिजवून त्यातलं काय उरतं ते सांगितलं नाही. टॅनिनमुळे (सालीतल्या तुरट द्रव्यामुळे) लोह कमी शोषलं जातं याचा उल्लेख ‘सोयीस्करपणे’ टाळला. आणि चौथा, तुमच्याच शब्दांत: “परीक्षानळीतला जांभळा रंग उडाला म्हणजे शरीरातल्या पेशी वाचल्या असं समजणाऱ्या व्यक्तीने प्रयोगशाळेचं तोंडही पाहिलेलं नसावं.”

पहिला आक्षेप मान्य, अगदी मनापासून. साल वजनाने दाण्याच्या जेमतेम आठ-दहा टक्के असते, पण टॅनिन, कॅटेचिन, केम्फेरॉलची संयुगं या अँटिऑक्सिडंट्सचा बहुतेक साठा तिच्यातच असतो. साल काढून दोन फाका केल्या की उरलेल्या नारिंगी डाळीत ल्युटीन हे पिवळं रंगद्रव्य असतं, थोडं गॅमा टोकोफेरॉल (ई जीवनसत्त्वाचा एक प्रकार) असतं, पण मी ज्यांचं कौतुक केलं होतं ती मंडळी कोंड्याबरोबर निघून गेलेली असतात. तेव्हा तीन ठिकाणी ‘डाळ’ होतं तिथे ‘अख्खा मसूर’ केलं आहे. चूक दाखवलीत, आभारी आहे.

आता तोंड पाहण्याबद्दल.

एका विद्यापीठाच्या अन्नरसायन विभागात मी बावीस वर्षं तांत्रिक सहायक होते. तुम्ही ज्याला ‘जांभळा रंग’ म्हणता ते डीपीपीएच, म्हणजे अँटिऑक्सिडंट क्षमता मोजायला वापरतात ते रसायन, मी किती वेळा तोललं याची मोजदाद नाही. शंभर मिलिलिटर मेथॅनॉलला जेमतेम चार मिलिग्रॅम. इतकी कमी पूड की तराजूचं दार उघडं राहिलं तर वाऱ्याने आकडा हलतो. ते द्रावण उजेडात ठेवायचं नसतं, म्हणून बाटलीला चांदीचा कागद गुंडाळायचा, अर्क घातल्यावर नळ्या अर्धा तास कपाटात अंधारात ठेवायच्या आणि मग ५१७ नॅनोमीटरवर वाचन घ्यायचं. डीपीपीएच हे मूलक, म्हणजे एकटा इलेक्ट्रॉन असलेला रेणू; त्या इलेक्ट्रॉनला अँटिऑक्सिडंटकडून जोडीदार मिळाला की जांभळं पिवळं होतं. एवढाच तो खेळ. तो शरीरात चालतो असं कोणी मला शिकवलं नव्हतं आणि मीही कुणाला शिकवलेलं नाही.

मसुराचंच सांगते. दहा ग्रॅम मसूर रात्री भिजवून सकाळी एकेक दाणा चिमटीत धरून साल सोडवली होती. दुपारपर्यंत बोटांची टोकं तपकिरी. सगळी साल वाळवून तोलली तर ग्रॅमही भरली नाही. तिचा ॲसिटोन-पाण्यातला अर्क कडक चहासारखा दिसत होता. तो डीपीपीएचमध्ये सोडला आणि नळीचं झाकण लावेपर्यंत जांभळा रंग गवती पिवळ्यावर आला. शेजारच्या नळीत आतल्या डाळीचा अर्क होता. अर्ध्या तासाने काढली तरी ती जांभळीच, कडेला किंचित लालसर.

आणि तरीही ती वाचनं कचऱ्यात गेली, कारण सालीच्या अर्काचा स्वतःचा तपकिरी रंगही ५१७ वर प्रकाश शोषतो. त्याचा वेगळा, डीपीपीएच न घातलेला कोरा नमुना लावावा लागतो, तो मी विसरले होते. आमच्या वरिष्ठांनी वही टेबलावरून माझ्याकडे सरकवली आणि म्हणाले, “याला आकडे म्हणत नाहीत, गप्पा म्हणतात.” मी खाली मान घालून परत साली सोलायला बसले. त्यांनीसुद्धा ‘तुम्ही प्रयोगशाळा पाहिलेली दिसत नाही’ असं म्हटलं नव्हतं, आणि त्यांना तसं म्हणायचा हक्क होता.

परीक्षानळी म्हणजे शरीर नव्हे, हे मला सांगायला तुम्ही लागत नाही. ‘एकूण फिनॉल’ (टॅनिन, कॅटेचिन ज्यात येतात तो संयुगांचा गट) मोजायला जो निळा रंग आणतात, त्या फोलिन-सिओकॅल्टू अभिकर्मकाला क जीवनसत्त्वही चालतं आणि प्रथिनातलं टायरोसीनही. म्हणजे नावात फिनॉल असलं तरी मापात पाहुणे फार. अमेरिकेच्या कृषी खात्याने पदार्थांच्या ‘ओरॅक’ मूल्यांची, म्हणजे नळीत मोजलेल्या अँटिऑक्सिडंट क्षमतेची, मोठी यादी प्रसिद्ध केली होती आणि २०१२ मध्ये ती स्वतःच संकेतस्थळावरून काढून टाकली. कंपन्या ते आकडे जाहिरातीत मिरवत होत्या, आणि नळीतल्या आकड्यावरून माणसाच्या आरोग्याबद्दल काही ठरवता येत नाही हे त्या खात्यालाच सांगावं लागलं. फिनलंडमध्ये २९,००० हून अधिक धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर चाचणी झाली. १९९४ मध्ये निकाल आला तेव्हा बीटा कॅरोटीनच्या (हेही अँटिऑक्सिडंटच) गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी नव्हे, जास्त निघाला. सफरचंद खाल्ल्यावर रक्ताची अँटिऑक्सिडंट क्षमता वाढते म्हणून लोक खूश झाले, तर ती वाढ फळातल्या फ्रुक्टोजमुळे चढलेल्या युरिक आम्लाची निघाली. आणि मसुराच्या सालीतलं टॅनिन? लांबलचक साखळ्यांचा रेणू. आतड्यातून तो जवळजवळ तसाच पुढे सरकतो, आणि मोठ्या आतड्यातले जिवाणू त्याचे तुकडे करतात, तेव्हा त्यातलं थोडंफार रक्तात पोचतं. तोवर ते मूळचं टॅनिन राहिलेलंच नसतं.

हे सगळं ठाऊक होतं तर लेखात का नाही, असं तुम्ही विचारणार. लेख आठशे शब्दांचा होता. आणि मी लिहिलं होतं की ही संयुगं पेशींचं रक्षण ‘करू शकतात’. ‘शकतात’. मराठीत या क्रियापदाला काही अर्थ आहे. ते गिळून तुम्ही माझ्या तोंडी ‘वाचल्या’ घातलंत, भूतकाळासकट.

(हे लिहिताना लेख पुन्हा उघडला. पहिल्या परिच्छेदात ‘करू शकतात’ आहे. शेवटच्या ओळीत ‘करतात’ आहे. ते घाईत राहून गेलं. बदलते.)

पण मग तुमच्या ‘नसावं’चं काय? ‘नाही’ म्हणायची हिंमत नाही, म्हणून ‘नसावं’. माझ्या ‘शकतात’ला जो न्याय तोच तुमच्या ‘नसावं’ला लावायचा का, ते तुम्हीच ठरवा.

शिवाय नळीतला तो आकडा अगदीच निरर्थक नसतो. माणसाबद्दल नसला तरी दाण्याबद्दल तो बरंच बोलतो. हिरवा मसूर साठवणीत हळूहळू तपकिरी पडत जातो, उजेडात आणि उष्णतेत लवकर, ते सालीतल्या या फिनॉलांचं ऑक्सिडीकरण असतं. टॅनिन जवळपास नसलेल्या मसुराच्या जाती आहेत, त्या तशा काळवंडत नाहीत. पण त्यांची साल पातळ असते. काळ्या, चमकदार बारीक मसुराच्या सालीत याशिवाय डेल्फिनिडिनचं रंगद्रव्य असतं, आणि तो भिजवला की पाणी आधी रंगतं. बीजाने हे सगळं स्वतःच्या बचावासाठी जमवलेलं असतं, आपल्या रक्तचाचणीसाठी नव्हे. हे वाक्य खरं तर मूळ लेखात असायला हवं होतं. पण ते सुचवायला सरळ एक ओळ पुरली असती.

दुसरा आणि तिसरा आक्षेप: भिजवलेल्या पाण्यात काही जातं, उकळून पाणी ओतून दिलं तर आणखी जातं, वाफवलं तर तुलनेने जास्त टिकतं. एवढं पुरे. लोहाचं म्हणाल तर टॅनिन आणि दाण्यातलंच फायटिक आम्ल दोन्ही लोहाला धरून ठेवतात हे खरं आहे, सोबत क जीवनसत्त्व असलं तर तोटा कमी होतो हेही खरं आहे, पण माझा विषय अँटिऑक्सिडंट्स होता, लोह नव्हता. फायटिक आम्ल लोहाला पकडतं म्हणूनच ते अँटिऑक्सिडंटही ठरतं, हे तुमच्या लक्षात आलं असतं तर तुम्ही ते नक्की लिहिलं असतंत. असो. त्यावर वेगळं लिहीन.

आणखी एक. तुमच्या प्रतिक्रियेला सतरा जणांनी पसंती दिली आहे. त्यातल्या किती जणांनी लेख वाचला, हे मी विचारत नाही.

लेखात आज केलेले बदल: तीन ठिकाणी ‘डाळ’ऐवजी ‘अख्खा मसूर’, शेवटच्या ओळीत ‘करतात’ऐवजी ‘करू शकतात’, आणि परीक्षानळीतल्या मापाबद्दल एक नवा परिच्छेद, जो तुमच्या चौथ्या आक्षेपाच्या पहिल्या अर्ध्या भागाशी जुळतो असं तुम्हाला वाटेल. खाली ‘वाचकाच्या सूचनेवरून’ अशी तळटीप टाकली आहे. नाव हवं असेल तर खरं कळवा, ‘सजग वाचक’ मी छापणार नाही.