प्रश्न एका ट्रेसपॉइंटपुरता नाही
लिनक्स कर्नलच्या सीपीयूआयडल ड्रायव्हरमधील (रिकाम्या प्रोसेसरला आयडल म्हणजे विश्रांतीच्या अवस्थेत नेणाऱ्या कोडमधील) ट्रेसपॉइंटला, म्हणजे कोड चालताना नोंद घेण्याच्या जागेला, ‘आरसीयूआयडल’ रूप दिले की आयडल अवस्थेतील ट्रेसिंग सुरक्षित होते, हे लेखातील विधान मला अपुरे वाटते. प्रोसेसर आयडलमध्ये गेल्याची नोंद झाली की आरसीयू (कोणी वाचत असलेला डेटा मध्येच मोकळा होऊ न देणारी कर्नलची यंत्रणा) त्याच्याकडे लक्ष देणे थांबवते. त्यानंतर साध्या ट्रेसपॉइंटने प्रोबची (त्याला जोडलेल्या फंक्शन्सची) यादी वाचायला घेतली, तर वाचन चालू असतानाच ती यादी दुसरीकडून मोकळी केली जाऊ शकते. आपला ट्रेसपॉइंट सावरला, तरी ड्रायव्हर क्लॉक, रेग्युलेटर (व्होल्टेज नियंत्रण) किंवा रनटाइम पीएमची (वापरात नसलेल्या उपकरणांची वीज वाचवणाऱ्या व्यवस्थेची) जी फंक्शन्स बोलावतो, त्यांच्या पोटातल्या ट्रेसपॉइंटचे काय?

अंधेरीतील आमच्या कार्यालयात एका आर्म बोर्डवर लॉकडेपची (लॉक आणि आरसीयूच्या वापरातील चुका पकडणाऱ्या कर्नलच्या तपासणीची) ‘सस्पिशस आरसीयू यूसेज’ ही ताकीद आली, तेव्हा स्टॅक ट्रेसमध्ये आमच्या फंक्शनच्या वरच्याच ओळीत रनटाइम पीएम होते. म्हणूनच लिनक्स 6.3 मधील मार्ग मला अधिक पटतो: अशी कामे आधी उरकायची, मग ड्रायव्हरनेच आरसीयूला आयडलची वर्दी देणारे ‘सीटी सीपीयूआयडल एंटर’ हे फंक्शन बोलवायचे आणि तिथून पुढचा कोड ‘नोइन्स्ट्र’ (ट्रेसिंग जोडता येणार नाही असा) ठेवायचा. मात्र त्या आयडल स्टेटवर ‘सीपीयूआयडल फ्लॅग आरसीयू आयडल’ लावला नाही, तर सीपीयूआयडलच्या गाभ्यातील कोड ड्रायव्हरच्या आधीच आरसीयूला निरोप देऊन मोकळा होतो, आणि नेमक्या या फ्लॅगचा लेखात उल्लेखही नाही.