इंजिन बंद, होडी थांबलेली, मगच बंदूक

मेरीलँडच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात पहाटे बंदुकांचे बार ऐकू येतात. चेसापीक उपसागराच्या काठी बदकांचा हंगाम सुरू असतो आणि छोट्या होड्यांमधून शिकारी आत पाण्यात गेलेले असतात. आपण ज्या देशात वाढलो तिथे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे, आणि १९९१ च्या दुरुस्तीनंतर परवाना काढूनही हौसेखातर शिकार करता येत नाही. त्यामुळे इथे नव्याने आलेल्या मराठी माणसाला ते आवाज खटकतात. खटकायलाच हवेत. फरक एवढाच की त्या बारांमागे एक अत्यंत बारकाईने लिहिलेला नियम आहे, आणि आपल्याकडच्या वादात त्याचा कुणी उल्लेखही करत नाही.

मायदेशातला वाद दोन वाक्यांत सांगता येतो. रानडुकरांनी पीक उद्ध्वस्त केलं की एक बाजू म्हणते, ‘अमेरिकेत शिकाऱ्यांच्या पैशावरच पक्षी वाचले, आपणही परवाने द्या.’ दुसरी बाजू म्हणते, ‘मजेसाठी बदकं मारणाऱ्यांकडून आपण काय शिकायचं?’ पहिली बाजू अर्धंच सांगते, आणि दुसरी ऐकूनच घेत नाही.

आधी नियम काय आहे ते पाहू. १९१६ साली अमेरिकेने कॅनडाच्या वतीने ब्रिटनशी स्थलांतरित पक्ष्यांचा करार केला. तो अमलात आणण्यासाठी १९१८ चा कायदा झाला, आणि १९२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो राज्यांच्या विरोधाला न जुमानता उचलून धरला. शिकारीच्या पद्धती त्या कायद्याखालच्या संघराज्य नियमावलीत आहेत, ५० व्या शीर्षकातल्या २०.२१ या कलमात. होडीबद्दलची अट अशी: मोटर लावलेल्या किंवा शिडाच्या कोणत्याही होडीतून पक्ष्यावर गोळी झाडायची असेल तर मोटर पूर्ण बंद हवी, शीड गुंडाळलेलं हवं, आणि मोटरीमुळे किंवा शिडामुळे होडीला मिळालेली गती संपलेली हवी.

या शेवटच्या तुकड्यातच लोक चुकतात. इंजिन न्यूट्रलमध्ये टाकणं म्हणजे बंद करणं नव्हे. किल्ली फिरवून इंजिन बंद केलं तरी होडी आपल्याच जोरावर काही अंतर घसरत जाते, आणि त्या घसरणीत झाडलेली गोळी बेकायदाच. पुढच्या टोकाशी उठणारी लाट विरली, मागचा पट्टा पाण्यात मिसळला, की मगच बंदूक उचलायची. मासेमारीसाठी पुढे लावलेली बॅटरीवरची छोटी मोटरही मोटरच. ती आवाज करत नाही म्हणून सूट नाही. होडी नांगरावर असेल, काठाला लागलेली असेल, वाऱ्याने वा ओहोटीने वाहत असेल, किंवा फक्त वल्ह्यांनी, बांबूने पुढे सरकत असेल, तर चालतं. जाणते शिकारी इंजिन चालू असेपर्यंत काडतूस भरतच नाहीत. त्यात कायदा सांभाळला जातो, आणि लाटेच्या धक्क्याने बंदूक सुटून होडीतला माणूस जखमी होण्याचा धोकाही टळतो.

जखमी पक्ष्याचं काय? इथे नियम अवघड जागी जातो आणि तिथेही तो डोळे मिटत नाही. मेलेला किंवा घायाळ पक्षी आणायला इंजिन चालू करून जाता येतं, पण चालत्या होडीतून त्या घायाळ पक्ष्यावर पुन्हा गोळी झाडता येत नाही. अपवाद फक्त समुद्री बदकांसाठी आखलेल्या किनारी क्षेत्राचा. कारण साधं आहे. स्कोटरसारखं डुबकी मारणारं बदक घायाळ झालं की पाण्याखाली जातं आणि वर येतं तेव्हा फक्त चोच बाहेर ठेवतं. खुल्या समुद्रात लाट आणि ओढ असताना दर वेळी इंजिन बंद करून होडी थांबायची वाट पाहिली, तर तो पक्षी हरवतो आणि कित्येक तास तडफडून मरतो. म्हणून तेवढ्या क्षेत्रात, तेवढ्याच कामासाठी सूट. वेदना कमी करण्यासाठी कायद्याने दिलेली ही सवलत आहे. पाडलेला पक्षी शोधण्याचा पुरेसा प्रयत्न करणं हेही वेगळं कायदेशीर बंधन आहे. ‘सापडला नाही’ म्हणून लगेच पुढच्या थव्याकडे वळता येत नाही.

इतकं बारीक लिहावं का लागलं, ते याच उपसागराच्या डोक्यावर, सस्क्वेहाना नदीच्या मुखाजवळच्या उथळ पाण्यात कळतं. तिथे रानसेलरी नावाचं पाणगवत उगवायचं आणि ते खायला कॅनव्हासबॅक बदकांचे प्रचंड थवे उतरायचे. एकोणिसाव्या शतकात बाजारासाठी मारणारे तिथे दोन गोष्टी वापरत. एक पंट गन: माणसापेक्षा लांब, खांद्याला लावता न येणारी, सपाट होडीच्या पुढच्या टोकावर बसवलेली बंदूक. रात्री झोपलेल्या थव्याकडे वल्हवत जायचं आणि एका बारात अर्धा किलोच्या आसपास छरे सोडायचे. दुसरी सिंकबॉक्स. शवपेटीसारखी लाकडी पेटी, तिच्या चारी बाजूंना कॅनव्हासचे पसरट पंख, त्यांवर वजनासाठी ओतीव लोखंडाची नकली बदकं. पेटी इतकी बुडायची की आत उताणा पडलेला माणूस पाण्याच्या पातळीखाली जायचा. भोवती शेकडो लाकडी बदकं तरंगत. वरून येणाऱ्या थव्याला माणूस दिसण्याची शक्यताच नव्हती.

पंट गन गेली. १९३५ मध्ये सिंकबॉक्स, जिवंत बदकांचं आमिष आणि दाणे टाकून पक्षी जमवणं या तिन्हींवर देशभर बंदी आली. आज तिथे लेआउट बोट चालते. तीही बुटकी असते, तिच्यातही माणूस आडवा पडतो. पण ती पाण्यावर तरंगते आणि माणसाला पाण्याखाली लपवत नाही. दोन्हींत फरक काही इंचांचा आहे. पक्ष्याला सुटकेची संधी आहे की नाही, ते त्या इंचांवर ठरतं.

अमेरिकेच्या याच नियमांनुसार बंदूक दहा गेजपेक्षा मोठी नको (गेज हे नळीच्या रुंदीचं माप). तिच्यात तीनहून जास्त काडतुसं मावता कामा नयेत, म्हणून काडतुसं साठवण्याच्या नळीत (मॅगझिनमध्ये) एका तुकड्याची खुंटी घालतात, आणि ती बंदूक उघडल्याशिवाय निघू नये अशी अट आहे. रक्षक तपासणीला आला की स्वतः काडतुसं भरून पाहतो: एक चेंबरमध्ये, दोन मॅगझिनमध्ये, आणि चौथं आत गेलं तर गुन्हा. शिशाचे छरे १९९१ पासून पाणपक्ष्यांच्या शिकारीत देशभर बंद आहेत, कारण चिखलात पडलेले छरे बदकं दगडाचे खडे समजून गिळतात, ते पोटातल्या पेषणीत झिजतात आणि विष रक्तात जातं. पोलादी छरा हलका असतो, म्हणून शिशाच्या सवयीपेक्षा दोन आकार मोठा घ्यावा लागतो आणि अंतर कमी ठेवावं लागतं. जुन्या सवयीने लांबून मारणारे पक्षी फक्त जखमी करतात. वेळ सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून सूर्यास्तापर्यंत. दाणे टाकलेली जागा पूर्ण साफ केल्यावरही दहा दिवस वर्ज्य.

इंग्लंडमध्ये याच प्रश्नाचं उत्तर थोडं निराळं निघालं. तिथल्या १९८१ च्या कायद्यानुसार यंत्राच्या वाहनाने, होडीसह, पक्ष्याचा थेट पाठलाग करून त्याला मारणं गुन्हा आहे. पंट गन मात्र आजही कायदेशीर आहे, फक्त नळीचं तोंड आतून पावणेदोन इंचांपेक्षा मोठं नको. बदकांचा आणि कलहंसांचा (गीझचा) हंगाम जमिनीवर ३१ जानेवारीला संपतो आणि भरतीरेषेच्या खाली २० फेब्रुवारीपर्यंत चालतो. पंट गनच्या बाबतीत माझं मत अमेरिकन नियमाच्या बाजूने आहे. एका बारात किती पक्षी पडतील याचा हिशेब ज्या हत्यारात करता येत नाही, त्याला परवान्यात जागा नसावी.

आता पैशाची गोष्ट, कारण परवानेवाल्या बाजूचा भर तिच्यावर असतो. १९३४ पासून अमेरिकेत सोळा वर्षं किंवा त्याहून मोठ्या प्रत्येक पाणपक्षी शिकाऱ्याला ‘डक स्टॅम्प’ (शुल्क भरल्याचं तिकीट) घ्यावा लागतो. त्याची किंमत आज २५ डॉलर आहे आणि प्रत्येक डॉलरमधले ९८ सेंट पाणथळ जमीन घेण्यावर आणि राखण्यावर जातात. त्यातून ६० लाख एकरांहून जास्त जागा वाचली आहे. मेरीलँडचं ब्लॅकवॉटर अभयारण्य त्या पैशानेच वाढलं. लांब नळीच्या बंदुका आणि दारूगोळ्यावर ११ टक्के कर आहे, तोही १९३७ च्या कायद्याने वन्यजीवांच्या कामासाठी राखीव. हे सगळं खरं आहे.

पण हंगाम उघडायचा की नाही, आणि दिवसाला किती बदकं, हे पैशावर ठरत नाही. १९५५ पासून वसंतात विमानातून उत्तर अमेरिकेतल्या प्रजननक्षेत्रांची मोजणी होते. ती आकडेवारी आणि शिकाऱ्यांकडून घेतलेला पाडलेल्या पक्ष्यांचा हिशेब एकत्र करून मर्यादा ठरतात. कॅनव्हासबॅक कमी दिसले की त्यांची मर्यादा एकावर येते, फारच कमी झाले तर हंगामच बंद. आपल्याकडे हिवाळ्यात उतरणारी बदकं वाढतात मध्य आशियात आणि सायबेरियात. मध्य आशियाई उड्डाणमार्गात सुमारे तीस देश येतात आणि त्या सगळ्यांची मिळून अशी प्रजननमोजणी नाही. जानेवारीत आपले पक्षीनिरीक्षक मनापासून पाणपक्षी मोजतात, पण ती आलेल्या पाहुण्यांची मोजणी. तिच्यावरून किती मारायचे हे ठरवता येत नाही. तलवार बदक आणि थापट्या चेसापीकवरही असतात आणि भिगवणच्या पाण्यावरही, अगदी त्याच जातीचे. अमेरिकेत त्यांना मारायचा परवाना मोजणीच्या आधारावर मिळतो. तो आधार नसताना आपण परवाना मागणं म्हणजे पाया न खणता मजला चढवणं. १९९१ ची बंदी कायम राहायला हवी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

मग परदेशातून मायदेशी काय न्यावं? त्याच २०.२१ कलमात आणखी एक पोटकलम आहे. मोटरच्या होडीने, वाहनाने किंवा विमानाने पक्षी एकत्र हाकणं, हुसकावणं, थवा उठवणं मना आहे. उद्देश तोच असो किंवा परिणाम तसा होवो, दोन्ही धरलं आहे. म्हणजे एका होडीने खाडीत फेरी मारून शांत बसलेला थवा उठवला आणि तो दुसरीकडे दबा धरलेल्या शिकाऱ्यांवरून गेला, तर पहिल्या होडीत बंदूक नव्हती हा बचाव नाही.

हे वाक्य आपल्याकडच्या पाण्याला थेट लागू पडतं. उजनीच्या पाणपसाऱ्यावर भिगवणजवळ फोटोसाठी होड्या जातात आणि ‘उडतानाचा फोटो हवा’ म्हणून नावाड्याला थव्यात होडी घालायला लावतात. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये झालं, २०२२ मध्ये खाडीला रामसर दर्जा (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) मिळाला, आणि तिथे होडीतून पक्षीदर्शन चालतं. फ्लेमिंगो ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलात खातात आणि भरतीला विसावतात. होडीला मात्र भरतीचंच पाणी लागतं. म्हणजे होडी जाते ती नेमकी त्यांच्या विश्रांतीच्या वेळी. फ्लेमिंगोला हवेत उठायला पाण्यावर धावत जावं लागतं, आणि दिवसातून चार वेळा उठावं लागलं तर परतीच्या प्रवासासाठी साठवलेली चरबी इथेच खर्च होते.

आपला कायदा इथे मुका नाही. अभयारण्यात प्राण्याला त्रास देणं कलम २७ ने मना आहे, आणि ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येत प्राणी हाकणंही आहे. पण उजनीचा तो भाग अभयारण्य नाही, आणि किती अंतरावर इंजिन बंद करायचं हे नावाड्याला कुठेच लिहून दिलेलं नाही. जे लिहिलेलं नाही त्यावर वनरक्षक दंड कसा करणार?

कलम ६४ खाली राज्य सरकार नियम करू शकतं. त्यात चार गोष्टी पुरतील. थव्यापासून ठरावीक अंतरावर, पाण्यात तरंगत्या खुणा लावून, इंजिन पूर्ण बंद. त्याच्या आत फक्त वल्हं किंवा बांबू, आणि थव्याच्या दिशेने सरळ कधीच नाही, बाजूने. पक्ष्यांनी माना वर करून एका दिशेने चालायला सुरुवात केली की तिथेच थांबायचं, कारण उठण्याआधीची ती खूण प्रत्येक नावाड्याला ओळखता येते. आणि थवा उठला तर ‘तसा हेतू नव्हता’ हा बचाव नको, दंड होडीतल्या प्रवाशांनाही हवा. नावाड्याचं पोट त्या फेरीवर असतं. पाचशे रुपये जास्त देऊन ‘अजून जवळ घ्या’ म्हणणारा माणूस महागड्या लेन्ससह घरी जातो आणि पकडला गेला तर होडी जप्त होते ती नावाड्याची.