चेकबुकाचे उमाळे कोणाला? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार ताई,

चेक लिहिण्याच्या सवयीवरच्या माझ्या लेखाला तुम्ही दिलेली प्रतिक्रिया लांब आहे आणि तिखटही. ती न वाचलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. तुमचं म्हणणं असं की, चेकची आठवण येऊन गहिवरणं हे ज्यांच्याकडे पगार, खातं आणि ओळखीचा मॅनेजर होता त्यांचे लाड आहेत. तुमच्या घरात चेक कोणी पाहिलाच नव्हता. आजोबा गिरणीत होते आणि गावी मनीऑर्डर जायची. वडिलांनी पुढे खातं उघडलं, पण म्हातारपणी हात थरथरायला लागल्यावर ‘सही जुळत नाही’ म्हणून त्यांचेच पैसे त्यांना नाकारले गेले. आज भाजीवाली गाड्यावर क्यूआर कोड लावून बसते, ती खरी लोकशाही. आणि शेवटचा टोला: ‘तुम्ही स्वतः शेवटचा चेक कधी फाडलात ते सांगा, मग गळा काढा.’

सांगतो. पण शेवटी.

चेकबुक सगळ्यांचं नव्हतं, यावर आपला वादच नाही. खातं उघडायचं तर आधीच्या खातेदाराची ओळख म्हणून सही लागायची, आणि गावाकडून नुकत्याच शहरात आलेल्या माणसाने असा खातेदार आणायचा कुठून? चेकबुक हवं असेल तर खात्यात किमान शिल्लकही जास्त ठेवावी लागे. २०१४ साली जनधन खाती निघाली, २०१६ साली यूपीआय आलं आणि त्यानंतर जे झालं ते पाहून आनंद न होणारा माणूस मीही नाही. भाजी मीसुद्धा कोड स्कॅन करूनच घेतो. सुट्ट्या पैशांऐवजी कोथिंबिरीची काडी हातात पडायची ते दिवस कोणाला हवेत?

पण तुमच्या वडिलांचा प्रसंग चेकच्या नावावर टाकू नका. पैसे काढायच्या साध्या स्लिपवरही तीच सही लागायची. सही करता न येणाऱ्या आजारी किंवा वृद्ध खातेदाराचा अंगठा दोन साक्षीदारांसमोर घ्यावा, त्यातला एक बँकेचा जबाबदार कर्मचारी असावा, अशी रिझर्व्ह बँकेची सूचना आहे. हाताचा घेता येत नसेल तर पायाच्या अंगठ्याचाही ठसा चालतो. हे काउंटरवरच्या माणसाने सांगायला हवं होतं. ते सांगितलं जात नाही, याचा राग मला तुमच्याइतकाच आहे. फक्त त्या रागाची दिशा वेगळी आहे. तेव्हा सही जुळत नव्हती, आज बोटाचा ठसा मशीनवर उमटत नाही. घासलेल्या बोटांची म्हातारी माणसं आजही तशीच परत जातात. कागद गेल्याने ते थांबलेलं नाही.

आता लेखाच्या मूळ मुद्द्याकडे येतो. अक्षरी रक्कम, पुढे ‘फक्त’, मग दोन आडव्या रेघा, काउंटरफॉइलवर नोंद, हे सगळं मी हौसेने लिहिलं होतं आणि तुम्हाला तेच टोचलं. ते सोडून द्या. ते गेलं तरी माझं फारसं अडत नाही. मला चुटपुट आहे ती दुसऱ्या गोष्टीची. चेक लिहिला आणि पैसे गेले, या दोन घटना वेगळ्या होत्या. मध्ये वेळ होता, आणि त्या वेळात आणखी एखादा माणूस असायचा.

आमच्या सोसायटीचं सांगतो. खजिनदार चेक लिहायचे आणि सहीसाठी अध्यक्षबाईंच्या घरी घेऊन जायचे. बाई निवृत्त शिक्षिका. चष्मा लावून पहिला प्रश्न, ‘बिल कुठंय?’ बिल नसेल तर चेक टेबलावरच राहायचा, खजिनदारांना चहा मिळायचा, सही मिळायची नाही. लिफ्टवाल्याचं वाढीव बिल असंच एकदा अडकलं आणि कमी होऊन आलं. आज त्याच खात्याचा सगळा कारभार एका मोबाइलवर चालतो. दुसऱ्या पदाधिकाऱ्याने संमती द्यायची सोय बँकेने दिली आहे, नाही असं नाही. पण होतं काय, तर फोन जातो, ‘मॅडम, एक ओटीपी आलाय बघा, सांगता का?’ आणि मॅडम बाजारात उभ्या राहून सहा आकडे सांगतात. बिलाचं नावही निघत नाही. कागदोपत्री दोघांची संमती झालेली असते.

तुम्ही म्हणाल, सोसायट्या म्हणजे पुन्हा फ्लॅटवाल्यांचंच रडगाणं. मग बचत गटाचं घ्या. १९९२ साली नाबार्ड या ग्रामीण विकास बँकेने गटांना बँकांशी जोडायला सुरुवात केली, तेव्हापासून गटाचं खातं म्हणजे अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष अशा तिघींपैकी निदान दोघींच्या सह्या हे ठरलेलं. ज्या बाईच्या नावावर घरात काहीही नव्हतं, तिच्या सहीवाचून किंवा अंगठ्यावाचून वीस बायकांचे पैसे हलत नव्हते. बँकेत तिला स्वतःच्या पायांनी जावं लागायचं. गैरसोय होतीच, रोज बुडायचा, एसटीचं भाडं जायचं. पण ती तिथे असायची. फोन मात्र पुष्कळ घरांत नवऱ्याच्या किंवा मुलाच्या खिशात असतो आणि पिनही त्यांनाच पाठ असतो. ‘चेकबुक पुरुषांच्या खिशातली वस्तू’ असं तुम्ही लिहिलंत ते घरापुरतं खरं आहे. गटापुरतं नाही.

मधल्या वेळाचं मात्र सरळसोट नाही, तेही बोलतो, नाहीतर तुम्ही बोलालच. हा वेळ देणाऱ्याच्या सोयीचा असतो. घेणाऱ्याला तो जाचू शकतो. नोटाबंदीनंतर लासलगावच्या कांदा बाजारात रोख आटली आणि शेतकऱ्यांच्या हातात चेक पडायला लागले. चेक वटेपर्यंत थांबायचं, तोवर मजुरी कशातून द्यायची आणि गाडीचं भाडं कशातून? त्या शेतकऱ्याला जाऊन ‘धीम्या व्यवहाराची गोडी’ सांगायची माझी हिंमत नाही. आणि न वटलेल्या चेकचं दुःख तर वेगळंच.

तरी त्या न वटलेल्या चेकलाही दात होते. चेकचा मूळ कायदा, म्हणजे परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ चा. त्यात १ एप्रिल १९८९ पासून कलम १३८ लागू झालं. चेक परत आल्याचं कळल्यापासून तीस दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यावर पंधरा दिवसांत पैसे दिले नाहीत तर फौजदारी तक्रार, आणि दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड, प्रसंगी दोन्ही. या खटल्यांनी न्यायालयं तुंबली आहेत हे खरं. पण म्हणूनच पुढच्या तारखेच्या चेकवर उधारी चालायची. घरमालक अकरा महिन्यांच्या करारासोबत अकरा चेक घ्यायचा, दुकानदार माल सोडायचा. ‘करतो हं ट्रान्स्फर’ या वाक्याला असा दात नाही. माल उचलून हेच वाक्य ऐकवणारे तुमच्याही ओळखीत असतील.

उलट बाजूने, पाठवलेले पैसे परत कसे आणायचे? चेक दिल्यावर संशय आला तर बँकेत जाऊन ‘स्टॉप पेमेंट’ करता यायचं. आज डिजिटल अरेस्टच्या नावाखाली एखाद्या निवृत्त माणसाला घाबरवून पैसे वळते करून घेतले की, ते थोड्याच वेळात पाच-पंचवीस खात्यांत फुटलेले असतात. मग सायबर फसवणुकीच्या १९३० या क्रमांकावर फोन करायचा आणि नशिबावर हवाला ठेवायचा. बँकांनाही हे कळलंय. नेटबँकिंगमध्ये नवं नाव जोडलं की मोठी रक्कम पाठवण्याआधी काही तास थांबवणाऱ्या बँका आहेतच. म्हणजे जो मधला वेळ जुनाट म्हणून काढून टाकला तोच मागच्या दाराने परत आणावा लागतोय. मी लेखात एवढंच म्हणत होतो.

‘जग पुढे गेलं, तुम्ही मागे राहा’ असंही तुम्ही लिहिलंय. ब्रिटनमध्ये २००९ साली ठरलं होतं की २०१८ पर्यंत चेक बंद करायचे. २०११ मध्ये तो बेत सोडावा लागला, आणि त्याला विरोध करण्यात पुढे कोण होते, तर ज्येष्ठांच्या आणि धर्मादाय संस्था. ओळखीचे मॅनेजर असलेले साहेबलोक नव्हेत. डेन्मार्क, न्यूझीलंडमध्ये चेक गेले, तिथलं तिथे. आपल्याकडे चेक राहिला खरा, पण तो आता नावापुरताच धीमा आहे. पूर्वी कागद क्लिअरिंग हाउसला, म्हणजे बँका एकमेकांचे चेक देवघेव करायच्या तिथे, प्रवास करून यायचा, पुढे नुसता त्याचा फोटो जायला लागला, आणि ४ ऑक्टोबर २०२५ पासून दिवसा ठरलेल्या वेळात आलेल्या चेकचं ‘हो’ की ‘नाही’ बँकेला त्याच दिवशी संध्याकाळी सातपर्यंत सांगावं लागतं. लासलगावच्या शेतकऱ्यासाठी ही चांगली बातमी आहे, हे मान्य करायला मला जड जात नाही.

मनीऑर्डरवर मात्र तुम्ही स्वतंत्र लिहाच. खालच्या कुपनावर दोन ओळींत काय काय मावायचं, पोस्टमन गावात कोणाच्या दारात किती वेळ थांबायचा, हे गिरणगावातल्या घरांइतकं कोणाला माहीत असणार? जुन्या पद्धतीची मनीऑर्डर २०१५ मध्ये बंद झाली, आणि तिच्याबद्दल जे लिहिलं जातं ते बहुतेक पाठवणाऱ्यांच्या बाजूने. घेणाऱ्या आजीच्या बाजूने मी फारसं वाचलेलं नाही.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. शेवटचा चेक या पावसाळ्याआधी लिहिला, गच्चीच्या वॉटरप्रूफिंगवाल्याला. अर्धी रक्कम आगाऊ दिली, उरलेल्या रकमेचा पुढच्या तारखेचा चेक लिहून सचिवांकडे ठेवला, आणि पहिला जोरदार पाऊस पडून वरच्या मजल्याची भिंत कोरडी दिसल्यावर त्यांनी तो त्याच्या हातात दिला. तो गूगल पे मागत होता. मी नाही म्हटलं. आता चेकबुकात दोनच पानं उरली होती म्हणून नवं मागवलं आहे. बँकेच्या ॲपवरूनच मागवलं, हे तुम्ही विचारायच्या आत सांगून टाकतो.