क्लच घरीच करा, मजुरी वाचवा

घाटात मूठ पूर्ण पिळली की इंजिन नुसतं बोंबलतं आणि मोटारसायकल मात्र जागची हलायला तयार नसते, अशी वेळ आली असेल तर अभिनंदन. इंजिनाचा जोर चाकाकडे पोचवणाऱ्या तुमच्या क्लच प्लेटा गेल्या. आता गॅरेजात गेलात तर मेस्त्री प्लेटांचे पैसे घेणार, ऑईलचे घेणार आणि वर मजुरी मागणार. प्लेटा आणि ऑईल एक वेळ समजू शकतो, पण मजुरी? कशाची? तुम्हाला दोन हात आहेत, उद्या रविवार आहे आणि मोबाईलवर व्हिडिओ आहे.

एक पथ्य मात्र कडक पाळा. आधी क्लच वायर तपासू नका. लिव्हरच्या टोकाला साधारण 10 ते 20 मिलिमीटर मोकळी हालचाल लागते. ती नसेल तर क्लच सतत थोडा दाबलेलाच राहतो आणि चांगल्या प्लेटासुद्धा घसरतात. अ‍ॅडजस्टरला दोन फेरे दिले आणि दुखणं फुकटात तिथेच थांबलं, तर अख्ख्या रविवारचं करायचं काय?

तेव्हा थेट खरेदीला लागा. पुण्यात असाल तर नाना पेठ आहेच. दुकानदार दोन सेट पुढे ठेवेल, एक कंपनीचा आणि एक ‘तसाच’. ‘तसाच’ घ्या. शिवाय सगळ्या प्लेटा बदलायलाच हव्यात असं कुठे लिहिलंय? जास्त झिजलेल्या दोन-तीन बदला, बाकीच्यांना पॉलिश पेपर मारा. स्टीलच्या प्लेटा तापून निळ्या पडल्या असतील तर रंग छान आहे म्हणा आणि परत बसवा. येताना बॉक्स पान्यांचा सेटही घेऊन या. त्याची किंमत मजुरीच्या दुप्पट असली तरी ती हिशेबात धरायची नाही, कारण ती गुंतवणूक आहे.

आता सोसायटीच्या पार्किंगमध्ये ऑईल काढा. घरातली जुनी परात खाली सरकवली की झालं. पेव्हर ब्लॉकवर जे सांडेल त्याबद्दल चेअरमन तुमच्याशी स्वतंत्र बोलतील.

उजव्या बाजूचं कव्हर निघायला किक आणि फूटरेस्ट सोडवावे लागतात, मग कव्हरचे बोल्ट. हे बोल्ट सगळे एका लांबीचे नसतात. घाबरट मेस्त्री पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून ज्या जागचा बोल्ट त्याच जागी खोचून ठेवतात. तुम्ही सगळे एका वाटीत टाका. लावताना लांब बोल्ट आखूड भोकात गेला की तो तळाला टेकतो, कव्हर सैलच राहतं. मग तुम्ही अजून जोर लावता, आणि ‘कट्’ असा जो आवाज येतो तो अ‍ॅल्युमिनियमचा असतो.

कव्हर आणि इंजिनच्या मधलं कागदी पॅकिंग फाटणारच. नवं आणू नका. घरात लग्नपत्रिकांचा ढीग असतो, त्यातली जाड कागदाची एक निवडा. ती कव्हरच्या कडेवर ठेवून छोट्या हातोडीनं हलकेच ठोकत गेलात की कडेचा आकार आणि बोल्टची भोकं कागदावर आपोआप उमटतात. मग कात्रीनं कापा, दोन्ही बाजूंनी लाल गम भरपूर थापा. हे कसब जुन्या मेस्त्रींकडे खरोखर होतं, फक्त ते त्यासाठी पॅकिंगचाच कागद वापरत.

आत बऱ्याच गाड्यांना मध्यभागी खाचांचा गोल नट असतो. त्याचा पाना वेगळा मिळतो. तो कशाला? छन्नी लावा, हातोडा हाणा. हब, म्हणजे प्लेटा ज्यावर बसतात तो मधला भाग, फिरू नये म्हणून गिअरच्या दातांत काहीतरी अडकवायला हवं. जाणकार तिथे तांब्याचा नाहीतर अ‍ॅल्युमिनियमचा मऊ तुकडा वापरतात. तुम्ही रुपयाचं नाणं घाला. हल्लीचं नाणं स्टेनलेस स्टीलचं असतं, त्यामुळे त्याला काही होत नाही. दाताचं काय होतं ते पाहायचं.

नव्या प्लेटा बसवण्याआधी इंजिन ऑईलमध्ये भिजवून ठेवायच्या असतात. तेवढा वेळ कुणाला आहे? कोरड्याच सरकवा. आणि ऑईल? मेव्हण्याच्या कारचं अर्धा डबा उरलंय ना, महागातलं, इंधन वाचवणारं? तेच ओता. कारचा क्लच इंजिन ऑईलमध्ये नसतो, मोटारसायकलचा बहुतेक वेळा त्यातच बुडालेला असतो. म्हणून मोटारसायकलच्या डब्यावर ‘जासो एमए’ लिहिलेलं असतं, म्हणजे क्लच घसरणार नाही असं ऑईल. कारच्या त्या पातळ ऑईलमधली काही रसायनं घर्षण कमी करायलाच घातलेली असतात. क्लच चालतो घर्षणावर. पण डबा फुकट आहे, हे विसरू नका.

प्लेटा दाबून धरणाऱ्या स्प्रिंगचे बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे आवळत जायचे असतात. तुम्ही एकेक करून पूर्ण पिळा, आटे जाईपर्यंत. तरीही क्लच घसरला तर स्प्रिंगखाली वॉशर घाला. लिव्हर इतकं जड होईल की पहिल्याच सिग्नलला डाव्या हाताच्या नसा मोजता येतील.

आणि हो, ज्या सवयीनं प्लेटा गेल्या ती सोडू नका. सिंहगड रोडच्या गर्दीत हाफ क्लचवरच चालवा, चढावर ब्रेक न लावता क्लचवरच गाडी तोलून धरा. ब्रेकचे लायनर वाचतात.

पुढच्या आठवड्यात गाडी ढकलत गॅरेजात न्याल तेव्हा मेस्त्री कव्हर काढेल आणि विचारेल, “साहेब, आधी कुणी उघडली होती?” चेहरा सरळ ठेवून सांगायचं, “अहो, तिकडे एक होता कोणीतरी, त्याच्याकडे टाकली होती.” तो मान डोलावेल. मग पॅकिंगचा तुकडा नखानं सोलून काढत त्यावरची अक्षरं वाचेल आणि विचारेल, “आणि हे ‘चि. सौ. कां.’ कोण?”