'फोटोवाला' म्हणालात म्हणून एवढं लिहितोय

अनामिक साहेब,

तुमची प्रतिक्रिया काल रात्रीच वाचली, पण तेव्हा लिहिलं असतं तर भलतंच लिहिलं गेलं असतं म्हणून सकाळचा चहा होऊ दिला. पोर्ट्रेट फोटो काढणारा आणि डॉक्युमेंटरी फिल्मही करणारा अमेरिकन टिमथी ग्रीनफिल्ड-सँडर्स, त्याच्यावरच्या माझ्या लेखावर तुमचं म्हणणं असं, की मोठमोठ्या लोकांना खुर्चीत बसवून बोलतं केलं म्हणजे डॉक्युमेंटरी होत नाही, फोटोवाल्याने फोटोच काढावेत. शिवाय साल चुकलंय, आणि गोऱ्या माणसाने कृष्णवर्णीयांवर फिल्म का करावी.

सालाचं आधी. रॉक गायक लू रीडवरची त्याची फिल्म १९९८ची, मी १९९६ लिहिलं होतं. चूक माझीच, दुरुस्त केलीय, आभार. पण तेवढ्यावरून "अभ्यास न करता खरडणारे" कशाला?

आता 'फोटोवाला'. माझ्या वडिलांचा मिरजेत छोटासा स्टुडिओ होता आणि गाव त्यांना याच नावाने हाक मारायचं, त्यामुळे हा शब्द कुठल्या सुरात म्हणतात ते मला चांगलं कळतं. गिऱ्हाईक स्टुलावर ताठ बसायचं. वडील काळ्या कापडातून बाहेर यायचे, कॅमेऱ्याच्या बाजूला उभे राहून उसाचं, पोरीच्या लग्नाचं काहीतरी विचारायचे, आणि माणूस बोलता बोलता सैल पडला की हातातला शटरचा रबरी फुगा दाबायचे.

ग्रीनफिल्ड-सँडर्सचा आठ बाय दहा इंची फिल्मचा कॅमेरा याच जातीचा. आधी काचेवर उलटी प्रतिमा बघून फोकस करायचा, मग फिल्मचा होल्डर आत सरकवला की काच झाकली, आता फोटो काढणाऱ्याला कॅमेऱ्यातून काहीच दिसत नाही. मग तो समोरच्याच्या तोंडाकडेच बघणार ना? बोलणार ना? मुलाखत आणखी वेगळी काय असते?

आणि गंमत म्हणजे हा माणूस आधी सिनेमाच शिकायला गेला होता, लॉस एंजेलिसच्या अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये. तिथे येणाऱ्या पाहुण्यांचे फोटो काढायचं काम गळ्यात पडलं, दिग्दर्शक हिचकॉकने तर तुझं लायटिंगच चुकलंय म्हणून तोंडावर सुनावलं, आणि पोर्ट्रेट सुरू झालं ते तिथून. म्हणजे तुमचा 'फोटोवाला' सिनेमावालाच निघाला. लेखात होतं हे, तिसऱ्या परिच्छेदात. वाचायचे कष्ट घेतले असते तर!

कृष्णवर्णीय अमेरिकन लेखिका टोनी मॉरिसनचा फोटो त्याने पहिल्यांदा काढला १९८१ला, तिच्यावरची फिल्म आली २०१९ला. त्या फिल्ममध्ये बाकी सगळे कॅमेऱ्याच्या बाजूला बघून बोलतात, ती एकटी थेट लेन्समध्ये बघते. बाई आपल्याशीच बोलतेय असं वाटतं, आणि ही युक्ती पोर्ट्रेटवाल्यालाच सुचणार. तुम्ही फिल्म बघितलीय का? प्रतिक्रियेवरून तरी वाटत नाही.

गोऱ्या-काळ्याच्या वादात मला पडायचं नाही. 'द ब्लॅक लिस्ट' या कृष्णवर्णीयांच्या मुलाखतींच्या त्याच्या फिल्ममध्ये प्रश्न विचारणारा समीक्षक एल्विस मिचेल स्वतः कृष्णवर्णीय आहे, एवढं माझ्यापुरतं पुरे.

पुढचा भाग रविवारी टाकतोय. सालं तपासून घेतलीयत. आणि पुढच्या वेळी जमलं तर नाव घालून लिहा.