हलकी म्हणजे नकली नव्हे : कार्निव्हल ग्लासच्या त्या संदेशाबद्दल

गणपतीला बंद घरं उघडली की माजघरातली फडताळं साफ होतात, आणि नेमका तेव्हाच एक संदेश मोबाइलवर फिरू लागतो: "मोरपंखी चमक असलेली काच म्हणजे कार्निव्हल ग्लास, लाखांत जाते. खरी जुनी काच जड असते, तळाला एन अक्षर असतं, साच्याची रेघ नसते, निळ्या टॉर्चखाली हिरवी चमकते, रंग नखाने निघत नाही. बाकी सगळी नकली." रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या घरांत या कसोट्या लावल्या, तर जपायची वस्तू भंगारात जाईल. म्हणून एकेक मुद्दा तपासू.

आधी ही काच बनते कशी ते पाहू. साच्यातून निघालेलं भांडं गरम असतानाच त्यावर कथलाच्या किंवा लोखंडाच्या क्षारांचं द्रावण फवारतात. त्याचा अतिशय पातळ थर बसतो आणि पाण्यावरच्या तेलाच्या तवंगासारखे रंग दिसतात. अमेरिकेत फेंटन या कारखान्याने १९०७च्या सुमारास ही काच काढली. नॉर्थवूड, ड्यूगन, इम्पिरियल, मिलर्सबर्ग हे तिथलेच कारखाने. 'कार्निव्हल' हे नाव मात्र संग्राहकांनी पुष्कळ नंतर दिलं. वस्तूवर किंवा खोक्यावर तो शब्द छापलेला दिसला, तर ती वस्तू पहिल्या काळातली नाही, हे तिथेच ठरतं.

आता वजन. कोकणातल्या घरात सापडणारी अशी काच अमेरिकन असेलच असं नाही. फिरोजाबादच्या जैन ग्लास वर्क्सने १९३०च्या दशकापासून अशी काच बनवली: पेले, मासा किंवा हत्तीच्या आकाराच्या फुलदाण्या, हाताच्या पंजात धरलेली फुलदाणी. हा माल साच्यात फुंकून केलेला, म्हणून पातळ आणि हलका. काठ बऱ्याचदा फक्त घासून सपाट केलेला. उलट नंतरच्या कित्येक नकला जुन्या मूळ वस्तूंपेक्षा जाड आणि जड आहेत. म्हणजे संदेशातला नियम इथे नेमका उलटा निकाल देतो. पेला पालथा करा, खिडकीच्या उजेडात तिरपा धरा आणि तळ हळूहळू फिरवा. काचेतच उमटलेली 'जैन' ही रोमन अक्षरं दिसली, तर तो पेला वेगळा काढून ठेवा. अक्षरं सापडली नाहीत म्हणून लगेच टाकूनही देऊ नका. फिरोजाबादेत इतरही कारखाने हा माल करत होते.

एन अक्षराचा मुद्दा तर दोन्ही बाजूंनी फसवा. वर्तुळातला अधोरेखित एन ही नॉर्थवूडची खूण खरी, पण त्यांच्याही सगळ्या मालावर ती नाही. फेंटन आणि मिलर्सबर्गच्या जुन्या भांड्यांवर सहसा खूणच नसते. दुसरीकडे, पूर्व आशियातून आलेल्या नकलांवर एन सर्रास आहे. खुणा नव्या वस्तू ओळखायला जास्त उपयोगी पडतात. लंबवर्तुळात 'फेंटन' लिहिलेलं असेल तर वस्तू १९७० किंवा त्यानंतरची. आय आणि जी ही अक्षरं एकमेकांवर असतील तर इम्पिरियलने १९६०च्या दशकापासून पुन्हा काढलेला माल.

साच्याची रेघ जुन्या भांड्यालाही असते, कारण साचा दोन, तीन किंवा चार तुकड्यांचा असतो. त्यातून जुने साचे कारखान्यांनी पुन्हा वापरले, तेव्हा नक्षी आणि रेघ दोन्ही जुळूनही वस्तू नवी असू शकते. निळ्या, म्हणजे अतिनील किरणांच्या, टॉर्चबद्दल एवढंच सांगतो की हिरवी चमक काचेतल्या युरेनियममुळे किंवा मँगनीजमुळे येते, वयामुळे नाही. युरेनियमची काच आजही बनते. आणि नखाने रंग निघाला नाही, तर तो वरून मारलेला साधा रंग नाही इतकंच कळतं. गरम काचेवर फवारलेला नवा थरही नखाने निघत नाही.

मग पाहायचं काय? तळाची झीज. दहापट भिंग घ्या आणि टॉर्चचा उजेड बाजूने, आडवा पाडा. खरी झीज फक्त फळीला टेकणाऱ्या कडेवर असते. ओरखडे बारीक, कमी-जास्त खोलीचे, वाटेल त्या दिशेने गेलेले. सँडपेपरने आणलेल्या झिजेत समांतर रेघा दिसतात, आणि त्या कधीकधी न टेकणाऱ्या खोलगट भागातही पोचलेल्या असतात. मग भांडं उजेडासमोर धरून मूळ काचेचा रंग बघा. केशरी भांड्याची काच बहुधा बिनरंगी असते, केशरी असतो तो फक्त वरचा थर.

इथे आपल्या हवेचाही विचार करायला हवा. चार महिन्यांची दमट हवा, त्यात वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेली काच. तिच्यावर पांढुरकी झाक येते. ती ओलाव्यामुळे येते, तिला वयाचा पुरावा समजू नका. ती घालवायला राख, चिंच किंवा काथ्या तर मुळीच वापरू नका. घासलं की केशरी थर विरतो, खाली साधी काच उरते आणि तो थर पुन्हा चढवता येत नाही. कोमट पाणी, दोन थेंब भांडी धुण्याचा साबण, मऊ सुती फडकं. लगेच टिपून उघड्या फळीवर पालथं न घालता उभं ठेवा. दारावर जुनं सामान घेणारा आला, तर तळ, काठ आणि नक्षीचे तीन फोटो काढून होईपर्यंत पेला त्याच्या हातात देऊ नका.